सातबाऱ्यावरचा कंस आणि डेटाबेसचा ट्रिगर : नियम डेटाजवळच हवेत म्हणून आयुष्यभर भांडलेला एडगर कॉड

मेहकर तालुक्यातला एखादा शेतकरी दोन एकर जमीन विकत घेतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत होतं, अंगठे होतात, फोटो होतात, पेढे वाटले जातात. पण त्याच संध्याकाळी सातबारा काढून बघितला, तर त्यावर नाव अजून जुन्याच मालकाचं असतं.

कारण मध्ये फेरफार असतो.

तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतात. संबंधित लोकांना नमुना ९ ची नोटीस जाते. हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत आलीच तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदींच्या वहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. बदलतो म्हणजे जुनं नाव पुसून टाकलं जात नाही. त्याला कंस होतो आणि सोबत फेरफाराचा क्रमांक येतो. उद्या भांडण झालं तर कोणाचं नाव कधी गेलं, कशामुळे गेलं, हे सगळं मागे जाऊन शोधता येतं.

आता हेच कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर नोंद बदलण्याआधी काही कामं आपोआप झाली पाहिजेत आणि बदलल्यानंतर काही कामं आपोआप झाली पाहिजेत. तुम्ही फोनवर वापरता त्या बहुतेक ॲपमध्ये दिवसरात्र हाच उद्योग चालू असतो. रिचार्ज करा, तिकीट काढा, पीक विम्याचा फॉर्म भरा. डेटाबेसमध्ये ओळ लिहिण्याआधी छोटा कोड धावतो, लिहिल्यानंतर दुसरा कोड धावतो. प्रोग्रामर मंडळी याला कधी हूक म्हणतात, कधी कॉलबॅक, कधी ट्रिगर.

इथपर्यंत कोणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते हा नियम लिहून ठेवायचा कुठे, यावर. ॲपमध्ये की थेट डेटाबेसमध्ये? म्हणजे नियम खिडकीवरच्या कारकुनाला सांगून ठेवायचा की वहीलाच असं बनवायचं की चुकीची नोंद तिच्यात उमटणारच नाही?

हा वाद समजून घ्यायचा तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. नाव एडगर फ्रँक कॉड. जवळचे लोक टेड म्हणायचे. आज जगातल्या बँका, रेल्वे, दवाखाने ज्या पद्धतीच्या डेटाबेसवर चालतात, त्याची मूळ कल्पना या माणसाची.

सात भावंडांतलं शेंडेफळ

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. वडिलांचा चामड्याचा कारखाना, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत हे सगळ्यात धाकटे. अभ्यासात हुशार होते, ऑक्सफर्डला गेले, गणित आणि रसायनशास्त्र घेतलं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. शिकत असल्यामुळे कॉड यांना लष्करी सेवेतून सूट मिळू शकत होती. ती त्यांनी घेतली नाही. १९४२ मध्ये स्वतःहून रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाले आणि समुद्रावर गस्त घालणारी संडरलँड विमानं उडवू लागले. ही विमानं पाण्यावर उतरणारी, अवाढव्य, तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालणारी.

युद्ध संपलं, पदवी पूर्ण झाली आणि १९४८ मध्ये कॉड यांनी अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये पहिली नोकरी कुठे मिळाली असेल? मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात, पुरुषांचे स्पोर्ट्सचे कपडे विकायची. ऑक्सफर्डचा गणिती आणि युद्धातला वैमानिक काउंटरवर उभा राहून कपडे दाखवत होता. नंतर थोडे महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले.

आयबीएमकडे तेव्हा एसएसईसी नावाचं यंत्र होतं. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरून काचेतून दिसेल असं मांडून ठेवलेलं, अख्खी मोठी खोली व्यापणारं. कॉड यांनी प्रोग्राम लिहायला सुरुवात केली ती या यंत्रावर.

राजकारणाला वैतागून देश सोडला

१९५३ साल. अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम उघडली होती. नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. कॉड यांना हे सहन झालं नाही. त्यांनी आयबीएम सोडली, अमेरिका सोडली आणि कॅनडातल्या ओटावाला निघून गेले. तब्बल चार वर्षं तिकडेच. १९५७ मध्ये परत आले आणि पुन्हा आयबीएममध्येच रुजू झाले.

पटलं नाही की तोंडावर सांगायचं आणि किंमत मोजायची, हा स्वभाव पुढे आयबीएमच्या साहेबलोकांनाही चांगलाच जाणवला.

परतल्यावर ते स्ट्रेच नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या कामात होते. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम कसे चालवायचे, हा प्रश्न त्यांच्या टीमकडे होता. आज फोनवर गाणी ऐकत रील बघतो त्याचं कुणाला काही वाटत नाही, तेव्हा तो संशोधनाचा विषय होता.

मग चाळिशीकडे झुकलेल्या कॉड यांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात गेले आणि १९६५ मध्ये पीएचडी मिळवली. विषय होता स्वतःचीच नक्कल तयार करू शकणारं यंत्र. फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राचा गणिती आराखडा मांडला होता, त्यात प्रत्येक चौकोनाला २९ वेगवेगळ्या अवस्था लागत होत्या. कॉड यांनी ते ८ अवस्थांत करून दाखवलं. थोडक्यात सांगायचं तर गुंतागुंतीची गोष्ट घेऊन तिच्यातला सगळा पसारा काढून टाकायची त्यांना खोड होती.

हीच खोड घेऊन ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. तिथे पसारा तयारच होता.

कॉडच्या आधीचा डेटाबेस म्हणजे काय होतं?

तेव्हा आयबीएमचं आयएमएस नावाचं उत्पादन जोरात होतं. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या रॉकेटमधल्या लाखो सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी ते जन्माला आलं होतं. त्यात माहिती झाडासारखी रचलेली असायची.

आपल्या भाषेत समजा. वर बुलढाणा जिल्हा, त्याखाली १३ तालुके, तालुक्याखाली गावं, गावाखाली गट, गटाखाली मालक. आता मोताळ्यातला गट क्रमांक अमुक कोणाचा, हे विचारलं तर उत्तर पटकन मिळतं. झाडावरून खाली उतरायचं की झालं. पण एकाच माणसाच्या नावावर चिखलीत, लोणारमध्ये आणि नांदुऱ्यात मिळून किती जमीन आहे, हे विचारलं तर? तेराही तालुक्यांच्या फांद्या चढायच्या, प्रत्येक गाव उघडायचं, प्रत्येक गट बघायचा. आणि हे करायला प्रोग्रामर लागायचा, कारण कुठून कुठे जायचं हा रस्ता त्यालाच माहीत. उद्या झाडाची रचना बदलली, की त्याचा प्रोग्राम मोडला.

कॉड यांनी १९६९ मध्ये आयबीएममध्ये अंतर्गत अहवाल लिहिला आणि जून १९७० मध्ये एसीएम या संस्थेच्या मासिकात तो सुप्रसिद्ध शोधनिबंध छापून आला. म्हणणं साधं होतं. झाड वगैरे काही नको. माहिती सरळ तक्त्यांत ठेवा. एक तक्ता गटांचा, एक खातेदारांचा. दोघांना जोडणारा धागा म्हणजे दोन्हीकडे लिहिलेला तोच खाते क्रमांक. काय हवं ते माणसाने सांगायचं, ते कसं शोधायचं हे यंत्राने बघायचं.

गावच्या दप्तरात ही सवय आहेच म्हणा. सातबारा गटाप्रमाणे निघतो, ८-अ खात्याप्रमाणे निघतो. जमीन तीच, बघण्याची दारं दोन. पण कॉड यांनी याला पक्कं गणित दिलं, संच आणि तर्कशास्त्राचं. म्हणूनच ते टिकलं.

कंपनीलाच नको होतं

आता वाटेल की आयबीएमने कॉड यांना डोक्यावर घेतलं असेल. उलट झालं. आयएमएस विकून पैसा येत होता. तोच धंदा मोडेल अशी कल्पना घरातलाच माणूस घेऊन आला, तर साहेब कशाला खूश होतील? कॉड मात्र गप्प बसले नाहीत. लेख लिहीत राहिले, परिषदांत बोलत राहिले, आयबीएमच्या ग्राहकांनाही सांगत राहिले.

१९७४ मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये त्यांची चार्ल्स बाखमन यांच्याशी जाहीर चर्चा झाली. बाखमन म्हणजे साधं नाव नव्हे. आदल्याच वर्षी त्यांना कॉम्प्युटरमधलं नोबेल समजलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक मिळालं होतं, तेही डेटाबेसच्या कामासाठीच. बाखमन यांच्या पद्धतीत प्रोग्रामर माहितीच्या जाळ्यातून वाट काढत जायचा. कॉड यांना ती वाटच काढून टाकायची होती. डेटाबेसच्या इतिहासात या सामन्याची आठवण आजही निघते.

दरम्यान आयबीएमने सॅन होजेमध्ये सिस्टम आर नावाचा प्रयोग सुरू केला होता. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी कॉड यांच्या जड गणिती भाषेऐवजी इंग्रजीच्या जवळ जाणारी भाषा बनवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. गंमत म्हणजे एसक्यूएलवर कॉड कायम नाराज राहिले. एकाच तक्त्यात तीच ओळ दोनदा येऊ देणं त्यांच्या गणितात बसतच नव्हतं. ज्या भाषेने त्यांची कल्पना जगभर नेली, त्याच भाषेचे ते सगळ्यात कडक टीकाकार होते.

याच प्रयोगशाळेत १९७६ मध्ये आपल्या विषयातली कळीची गोष्ट घडली. के. पी. ईश्वरन या संशोधकाने डेटाबेसमध्ये ट्रिगर कसे असावेत, यावर आयबीएमचा अहवाल लिहिला. ट्रिगर म्हणजे डेटाबेसच्या आतच लिहून ठेवलेली सूचना : या तक्त्यात नवी ओळ आली, जुनी बदलली किंवा काही खोडलं गेलं, की हे काम कर. आधी कर किंवा नंतर कर. कोण बदलतंय, कुठल्या ॲपमधून बदलतंय, याच्याशी ट्रिगरला देणंघेणं नाही. बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते, तो ओढणारा कोण हे चापाला कळत नाही, तसंच.

आयबीएम मात्र चालढकल करत राहिली. तोवर कॉड आणि सिस्टम आरच्या टीमने छापलेले निबंध वाचून लॅरी एलिसन यांच्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा. बर्कलेच्या विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं इंग्रेस चालू होतं. खुद्द आयबीएमचं पहिलं एसक्यूएल उत्पादन १९८१ मध्ये आलं आणि डीबी-टू १९८३ मध्ये. १९८१ मध्येच कॉड यांना ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

बारा नियम, मोजले तर तेरा

ऐंशीच्या दशकात एक नवीनच प्रकार सुरू झाला. रिलेशनल हा शब्द फॅशनमध्ये आला, म्हणून जो तो आपल्या जुन्या मालावर रिलेशनलचं लेबल चिकटवू लागला. आज प्रत्येक वस्तूवर एआय लिहिलेलं असतं ना, अगदी तसंच.

कॉड भडकले. तोवर ते आयबीएममधून निवृत्त झाले होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन भागांत लेख लिहून खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी मांडली. हेच कॉडचे बारा नियम. प्रत्यक्षात ते तेरा आहेत, कारण मोजणी शून्यापासून आहे. प्रोग्रामर मंडळींना यात विनोद दिसत नाही, बाकीच्यांना दिसतो.

त्यातले दोन नियम आपल्या विषयाचा गाभा आहेत.

दहावा नियम म्हणतो की माहिती खरी राहण्यासाठीचे नियम डेटाबेसच्या आतच नोंदवलेले असले पाहिजेत, ॲप्लिकेशनच्या प्रोग्राममध्ये नाहीत. नियम बदलला तर प्रोग्राम बदलायची वेळ येऊ नये.

बारावा नियम त्याहून कडक. तक्त्यांच्या पातळीवर जे नियम घातलेत, ते खालच्या दर्जाच्या आडवाटेने चुकवता येता कामा नयेत. मागच्या दाराने आत शिरायची सोयच नको.

कॉड यांचा हा हट्ट का होता, ते कळायला खामगावात जाऊ.

खामगावची एक काल्पनिक जिनिंग

समजा खामगावात एक जिनिंग आहे आणि कापूस खरेदीसाठी तिने ॲप बनवून घेतलंय. शेतकरी गाडी घेऊन येतो, काटा होतो, मुनीम ॲपमध्ये वजन टाकतो आणि सेव्हचं बटण दाबतो.

सेव्ह होण्याआधी ॲप तीन गोष्टी तपासतं : वजन शून्याहून जास्त आहे का, शेतकऱ्याचा खाते क्रमांक यादीत आहे का, भाव त्या दिवशीचाच आहे का. हा झाला आधीचा हूक. काही चुकलं तर नोंद तिथेच अडते. सेव्ह झाल्यावर गोदामाचा साठा वाढतो, शेतकऱ्याच्या खात्यात येणं रक्कम दिसते आणि त्याला एसएमएस जातो. हा झाला नंतरचा हूक. सगळं छान चालतं.

मग दिवाळीनंतर गर्दी होते. एक दिवस नेट बंद पडतं आणि दिवसभराच्या २०० नोंदी एक्सेलमध्ये लिहिल्या जातात. रात्री कोणीतरी हुशार पोरगा म्हणतो, ॲपमध्ये एकेक कशाला भरता, मी थेट डेटाबेसमध्ये टाकून देतो. दोन मिनिटांत २०० ओळी आत.

पण आधीचा आणि नंतरचा कोड ॲपमध्ये होता. डेटाबेसला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे वजन तपासलं गेलं नाही, साठा वाढला नाही, एसएमएस गेला नाही. दोन शेतकऱ्यांच्या खाते क्रमांकात आकडा चुकलाय, तोही तसाच आत बसला. खरेदीचा तक्ता एक सांगतोय, गोदामाचा तक्ता दुसरं. चूक सापडते तेव्हा महिना उलटलेला असतो आणि शेतकरी पावती घेऊन दारात उभा असतो.

कॉड यांचा बारावा नियम नेमका याच पोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखा आहे. वजन शून्याहून जास्त हवं, खाते क्रमांक यादीत असलाच पाहिजे, या दोन अटी तक्त्यालाच घातल्या असत्या, तर एक्सेलमधून आलेली चुकीची ओळ डेटाबेसनेच परत फेकली असती. साठा वाढवायचं काम ट्रिगरकडे असतं, तर नोंद कुठूनही आली तरी साठा वाढला असता.

कॉड गेले, वेब आलं

नव्वदचं दशक कॉड यांच्यासाठी फार सुखाचं नव्हतं. १९९० मध्ये त्यांनी आपल्या मॉडेलची दुसरी आवृत्ती पुस्तकरूपात काढली आणि १२ नियमांचे थेट ३३३ मुद्दे केले. त्यात माहितीच्या खरेपणाच्या नियमांचे पाच प्रकार होते आणि पाचवा होता तो धंद्याप्रमाणे, कामाप्रमाणे वापरणाऱ्याने स्वतः घातलेल्या नियमांचा. आपल्या जिनिंगचा भाव त्या दिवशीचाच असावा, हा नियम त्या पाचव्या प्रकारातला. पण ३३३ मुद्दे पाळायला कुठलीच कंपनी बसली नव्हती.

१९९३ मध्ये त्यांनी माहितीच्या विश्लेषणासाठी ओलॅप ही नवीन संकल्पना मांडली. नंतर समोर आलं की तो निबंध एका सॉफ्टवेअर कंपनीने पैसे देऊन लिहून घेतला होता आणि तिच्याच उत्पादनाला तो सोयीचा होता. दुसऱ्यांची खोटी लेबलं फाडणाऱ्या माणसावर ही टीका झाली. ती अगदीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातल्या राहत्या घरी हृदय बंद पडून कॉड यांचं निधन झालं. वय ७९. पुढच्या वर्षी एसीएमच्या डेटाबेस शाखेने आपल्या संशोधन पुरस्काराला त्यांचं नाव दिलं.

आणि त्याच २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स लोकांसमोर आलं. वेबसाईट बनवण्याचा वेग एकदम वाढवणारं हे फ्रेमवर्क. सेव्हच्या आधी, सेव्हनंतर, खोडण्याआधी, खोडल्यानंतर असे कॉलबॅक त्यात एका ओळीत लिहिता येत. त्याचा जनक डेव्हिड हायनमायर हॅन्सन याची भूमिका कॉड यांच्या बरोबर उलटी होती. सगळी हुशारी एकाच जागी हवी आणि ती जागा म्हणजे ॲप्लिकेशन, डेटाबेसने फक्त माहिती सांभाळावी. जँगोचे सिग्नल, लाराव्हेलचे मॉडेल इव्हेंट, मोंगूसचे प्री आणि पोस्ट हूक याच वाटेने गेले. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असो की पुण्याच्या बूटकॅम्पात, आज वेब शिकणाऱ्या पोरांची ट्रिगरच्या आधी कॉलबॅकशीच ओळख होण्याची शक्यता जास्त.

डेटाबेसकडे दुर्लक्ष व्हायला अजून एक कारण होतं. वेबवर सगळ्यात जास्त चाललेलं मायएसक्यूएल. त्याला ट्रिगर मिळाले ते थेट २००५ मध्ये. सुरुवातीच्या मायआयसॅम प्रकारच्या तक्त्यांवर एका तक्त्याला दुसऱ्याशी बांधणारी अट लिहिली, तर मायएसक्यूएल ती मुकाट्याने स्वीकारायचं आणि पाळायचं नाही. वजन शून्याहून जास्त हवं असल्या अटीचं तर २०१९ पर्यंत तसंच होतं. आवक-जावक विभागात अर्जावर शिक्का मारून तो कपाटात टाकतात, तसला प्रकार. दहावा नियम पाळायचा म्हटलं तरी प्रोग्रामरने पाळायचा कसा?

मग ॲपवाले चुकीचे का?

नाही. त्यांच्या बाजूनेही वजनदार गोष्टी आहेत.

ट्रिगर दिसत नाही. नवीन प्रोग्रामर कामावर येतो, ॲपचा सगळा कोड वाचतो आणि तरी त्याला कळत नाही की साठ्याचा आकडा आपोआप का बदलतोय. एका ट्रिगरने दुसऱ्या तक्त्यात लिहिलं, तिथे तिसरा ट्रिगर सुटला, अशी माळ लागली की फटाक्यांची लड पेटल्यासारखं होतं आणि नेमकं कुठे अडकलं ते सापडता सापडत नाही. शिवाय ट्रिगर म्हणजे भरवशाची तटबंदी असंही नाही. मायएसक्यूएलमध्येच मालकाची ओळ खोडल्यामुळे त्याच्याशी बांधलेल्या ओळी आपोआप खोडल्या गेल्या, तर त्या ओळींवरचे ट्रिगर धावत नाहीत.

पण कॉलबॅकमध्येही भगदाडं आहेत आणि ती मुद्दाम ठेवलेली आहेत. रेल्समध्ये एका झटक्यात सगळ्या ओळी बदलायची सोय आहे, ती वापरली की कॉलबॅक धावत नाहीत. जँगोमध्ये घाऊक ओळी भरल्या किंवा घाऊक बदलल्या, तर सेव्हचे सिग्नल जात नाहीत. वेगासाठी केलेली तडजोड आहे ती. त्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलंही आहे. वाचतो कोण?

सगळ्यात फसवी जागा म्हणजे एसएमएस. पुन्हा आपल्या जिनिंगवर या. नोंद सेव्ह झाली, लगेच नंतरच्या हूकने शेतकऱ्याला मेसेज पाठवला की तुमचे ४० क्विंटल जमा झाले. पण डेटाबेसमध्ये ओळ लिहिणं आणि ती कायम होणं यात फरक असतो. खरेदी, साठा, येणं रक्कम ही तिन्ही कामं एका गाठोड्यात बांधलेली असतात. तिन्ही झाली तरच कायम, एक जरी फसलं तरी तिन्ही मागे. समजा मेसेज गेल्यानंतर येणं रकमेची नोंद फसली. गाठोडं मागे फिरलं. डेटाबेसमध्ये काहीच नाही आणि शेतकऱ्याच्या फोनमध्ये मात्र ४० क्विंटल. डेटाबेस आपली ओळ मागे घेऊ शकतो, गेलेला मेसेज मागे घेऊ शकत नाही.

म्हणून जाणती मंडळी दोन हूक वेगळे ठेवतात. सेव्हनंतरचा वेगळा आणि गाठोडं कायम झाल्यानंतरचा वेगळा. मेसेज, ईमेल, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला निरोप, जे जे परत घेता येत नाही ते सगळं दुसऱ्यात. काही जण त्याहून सावध असतात. ते मेसेज पाठवायचाय ही गोष्टच त्या गाठोड्यात एक ओळ म्हणून लिहितात आणि वेगळा प्रोग्राम सावकाश त्या ओळी उचलून मेसेज पाठवतो. गाठोडं फसलं तर ती ओळही जाते आणि मेसेजही जात नाही.

आता प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वाटणी अशी होते. वजन उणे नसावं, खाते क्रमांक अस्तित्वात असावा, एकच पावती दोनदा चढू नये, या अटी थेट तक्त्यावर. कोणी, कधी, काय बदललं याची जुनी प्रत ठेवायचं काम ट्रिगरकडे, कारण तिथून ते कोणालाच चुकवता येत नाही. आणि वापरणाऱ्याशी बोलायचं, मेसेज पाठवायचे, सवलत मोजायची, ते ॲपमध्ये.

जुनी प्रत ठेवणारा तो ट्रिगर काय करतो? ओळ बदलायला निघाली की आधीची ओळ उचलतो, तारीख आणि क्रमांक लावतो आणि वेगळ्या तक्त्यात ठेवून देतो. मेहकरच्या त्या दोन एकरांवर हरकत न येता १५ दिवस उलटले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली, की जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो आणि सोबत फेरफाराचा क्रमांक येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळायला लागला, त्यावरही कंस आहेच.